समोर बसून बोला

खोली हवी असेल तर मिशी काढावी लागेल, असं सांगणारा घरमालक मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो कोथरूडला राहत होता. मी यवतमाळचा. आमच्याकडे बाप जिवंत असताना पोरगा मिशी उतरवत नाही. मी तसं सांगितलं. त्या काकांनी माझ्या तोंडाकडे दातांच्या डॉक्टरासारखं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "वडील शंभर वर्षं जगोत. पण मिशीतून गाळून आलेलं मराठी मला समजत नाही. वरच्या ओठाची कड दिसली पाहिजे. बघा, जमत असेल तर." मी मुकाट्याने कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेलो आणि मिशी इतकी बारीक करून आलो की संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईने कपाळाला हात लावला. हे काय करून ठेवलं रे बाप्पा, म्हणाली. पण खोली मिळाली.

गेल्या पावसाळ्यात काका वारले, तिकडे बंगळूरला. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. लॅपटॉप बंद केला आणि जिन्यात जाऊन बसून राहिलो. तेव्हापासून कुणाला तरी त्यांच्याबद्दल सांगावं असं फार वाटतं, पण सांगायला लागलं की लोक हसतात. हसावं असेच होते ते, माझी तक्रार नाही. फक्त हसून झालं की पुढचंही ऐका.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी शिकवणी घेतली. मी म्हणालो, मी खराडीला नोकरी करून राहिलो. काका म्हणाले, "करून राहिलात? मग आता काय करता?" मी म्हणालो, नाही काका, अजून करून राहिलो. ते म्हणाले, ठरवा काय ते, करा किंवा राहा. त्यानंतर रोज संध्याकाळी मी मेट्रोने वनाजला उतरून घरी आलो की, काय, आज काय करून राहिलात, असं विचारायचे. मला आधी राग यायचा. नंतर सवय झाली, आणि एखाद्या दिवशी नाही विचारलं तर मीच काळजीत पडायचो, की आज काकांचं काही बिनसलंय का.

त्यांच्या दिवाणखान्यात दोन खुर्च्या समोरासमोर होत्या आणि वर ट्यूबलाइट. भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी ट्यूब चालू. येणाऱ्याने त्यातल्या एका खुर्चीत बसायचं आणि तोंडावर उजेड घ्यायचा. कुणी दारातून, स्वयंपाकघरातून, चालता चालता काही बोललं तर काका वळूनही बघायचे नाहीत. बघितलंच तर म्हणायचे, "समोर बसून बोला. पाठीमागे बोलून घ्यायला मी काही पुढारी नाही." सोसायटीतले लोक यावर फार खूश असत. पक्का पुणेकर, म्हणायचे. हाक मारली तरी ढुंकून बघणार नाही. काही लोक तर पाहुणे आले की त्यांना काकांचा अपमान चाखायला मुद्दाम खाली घेऊन यायचे.

दाराच्या बेलला त्यांनी दिवा जोडून घेतला होता. बेल दाबली की आत दिवा लुकलुकायचा, आवाज काही नाही. आवाजाची ॲलर्जी आहे, असं ते सगळ्यांना सांगत. गणपतीच्या आधी ढोलताशाचा सराव सुरू झाला की पहिली तक्रार यांची. लाउडस्पीकरविरुद्ध सोसायटीने अर्ज केला, पहिली सही यांची. शेजारच्या बंगल्यातल्या कुत्र्यालासुद्धा त्यांनी एकदा कंपाउंडवरून सुनावलं होतं की आपलं म्हणणं एकदा मांडलंत, पोचलं. कुत्रं त्या वेळी झोपलेलं होतं, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता सरळच सांगतो. काकांना ऐकू येत नव्हतं. कमी येत होतं असं नाही, येतच नव्हतं.

मलाही ते कळायला चार-सहा महिने गेले. एका रविवारी त्यांनी कुकर लावला आणि शेजारीच स्टुलावर बसून पेपर वाचत होते. मी आंघोळीला गेलो. आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या, येतच होत्या, मग करपल्याचा वास आला. टॉवेल गुंडाळून धावत आलो तर काका कुकरच्या इतक्या जवळ की वाफ चष्म्याला लागावी, आणि डोकं पेपरात. मी मागून ओरडलो. एकदा, दोनदा. पेपरचं पान उलटलं त्यांनी. मग मी पुढे जाऊन गॅस बंद केला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण त्यांना सगळं कळलं.

त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले. जिल्हा न्यायालयात ते लघुलेखक होते. दुसऱ्यांचं बोलणं ऐकून ते भराभर टिपणं, हीच नोकरी. निवृत्त झाले आणि त्यानंतर कानाच्या शिरा सुकत गेल्या. मशीन घेतलं होतं, ते कपाटात पडलं होतं. त्यात नुसता गोंगाट येतो, माणूस येत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकू होत्या तोवर त्याच त्यांचे कान होत्या. समोर उभ्या राहून, ओठ नीट हलवून सगळं सांगायच्या. काकू गेल्यावर काकांनी ओठ वाचायला स्वतःच शिकून घेतलं. जे वाचता यायचं नाही त्याला काहीतरी तिरकं उत्तर द्यायचं, म्हणजे समोरचा पुन्हा विचारतच नाही. मी म्हणालो, पण लपवायचं कशाला? सांगून टाका ना लोकांना.

"पुण्यात खवचट म्हातारा चालतो," काका म्हणाले. "बहिरा चालत नाही. बहिरा म्हटलं की तो एकटा कसा राहतो, अशी लगेच चौकशी होते. मुलगी येऊन बंगळूरला घेऊन जाईल मला. मग मी तिथे काय करू? कानडी ओठ वाचू?"

मला हसू आलं आणि तेवढंच वाईटही वाटलं. मी शब्द दिला. त्या दिवसापासून कुकर माझ्याकडे आला. दूधवाला, गॅसवाला, सोसायटीची मीटिंग, बँकेचे फोन, सगळं हळूहळू माझ्याकडे आलं. कुणी मागून हाक मारली की मी काकांच्या कोपराला हात लावायचो आणि ते आरामात वळायचे, जणू आत्ताच मनात आलं म्हणून. माझ्या मित्रांना वाटायचं मी म्हाताऱ्याचा नोकर झालोय. वाटू दे. मला त्या घरात फार बरं वाटायचं. यवतमाळ सोडल्यावर माझ्या बोलण्याकडे इतकं टक लावून बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

मुलगी बंगळूरला, तिची मुलगी सई तेव्हा नववी संपवून दहावीत गेलेली. सईचा रोज संध्याकाळी आजोबांना व्हिडिओ कॉल. साधा फोन काका उचलायचे नाहीत. ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी मी बोलत नाही, असा नियमच केला होता. सई कॅमेऱ्याला नाक लावून शाळेतलं, मैत्रिणींचं, मांजराचं बोलायची आणि काका तेवढा वेळ एकही टोमणा मारायचे नाहीत. कॉल संपला की मला विचारायचे, ते मधलं काय होतं हो, "पोळी" म्हणाली की "मुळी"? आणि मी सांगायचो.

ताईला, म्हणजे त्यांच्या मुलीला, शंका येऊ लागली होती. बाबा मला प्रत्येक गोष्ट तीनदा विचारायला लावतात, असं ती मला एकदा म्हणाली होती. मे महिन्याच्या सुट्टीत ती सईला घेऊन आली ती तेवढ्यासाठीच. बाबांना एकटं राहणं जमतंय का ते बघायचं आणि नसेल तर या वेळी बरोबर घेऊनच जायचं. हे तिने लपवलं नव्हतं. काकांनाही माहीत होतं. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी ट्यूबलाइटखालची खुर्ची सोडली नाही आणि प्रत्येक प्रश्नाला इतकं झणझणीत उत्तर दिलं की ताई म्हणाली, तब्येत तर बरी दिसतेय.

मग सईने राफ्टिंगचं काढलं. कोलाडला, कुंडलिका नदीत. वरच्या वीजघरातून सकाळी पाणी सोडतात, ते आलं की कोरडी पडलेली नदी भरते आणि रबरी राफ्ट सुटतात, भर उन्हाळ्यातही. सईने मोबाइलवर सगळं बघून ठेवलं होतं. एकदम बिगिनर्ससाठी आहे आजोबा, पोहायला नाही आलं तरी चालतं, सगळे जातात, तुम्ही पण या ना. ताई म्हणाली, अगं, त्यांना कुठे झेपणार आता? काकांनी ताईच्या ओठांवरचं ते "झेपणार" बरोबर वाचलं. म्हणाले, मी येणार.

ताई झोपल्यावर मला खोलीत बोलावून म्हणाले, राफ्टमध्ये वल्हं मारणाऱ्या म्हाताऱ्याला कोण उचलून बंगळूरला नेतो, सांगा. मलाही ते पटलं. मी व्हिडिओ बघितले आणि माझं तोंड उतरलं. राफ्टमध्ये सगळे पुढे तोंड करून बसतात आणि गाइड बसतो मागे. तिथून ओरडतो, फॉरवर्ड, बॅक, स्टॉप. वर कानावर हेल्मेट. मी काकांना दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं आणि म्हणाले, म्हणजे पाठीमागे बोलणाऱ्यांचाच धंदा आहे. मग आम्ही ठरवलं की मी त्यांच्या लगेच पुढच्या जागेवर बसायचं. माझं वल्हं जसं चालेल तसं त्यांनी चालवायचं.

दुसऱ्या दिवशी ताई आणि सई लक्ष्मी रोडला गेल्यावर आम्ही दिवाणावर एकामागे एक बसून सराव केला. माझ्या हातात फरशी पुसायचा वायपर आणि त्यांच्या हातात जळमटं काढायचा झाडू. मी फॉरवर्ड केलं की ते फॉरवर्ड, मी थांबलो की ते थांबायचे. अर्ध्या तासात त्यांनी असा ताल धरला की मलाच मागे राहायला झालं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई विरजण मागायला आल्या आणि दार उघडंच होतं. त्या बघतच राहिल्या. काका वल्हं न थांबवता म्हणाले, "बसा. पण झाडू आपला आणावा लागेल." बाई विरजण न घेताच परत गेल्या.

कोलाडला आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो, मी चालवत होतो. काका पुढे माझ्या शेजारी, आणि समोरचं उन्हाचं झापड खाली पाडलेलं. त्या झापडाला आरसा असतो, त्यातून त्यांना मागे बसलेल्या ताईचं आणि सईचं तोंड दिसायचं. ताईला वाटलं बाबा भांग बघताहेत. ताम्हिणी घाटात सईने गाण्याच्या भेंड्या काढल्या. काकांनी, माझ्या घशाची चाळण झालीय, म्हणत अंग काढून घेतलं, आणि ते कुणाला खटकलं नाही.

नदीवर गाइड एक तरणाताठा नेपाळी पोरगा होता. उन्हासाठी त्याने नाकातोंडावर फडकं ओढलेलं. सुरक्षेच्या सूचना सांगायला लागला तसे काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मुँह खोलके बोलो भाई, चोरी थोड़ी कर रहे हो।" सगळे हसले. त्यानेही हसत फडकं खाली केलं. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय वर ठेवा, उभं राहायला जाऊ नका, जॅकेट तुम्हाला धरून ठेवेल. काकांनी मान हलवून हलवून सगळं घेतलं. मी मनात म्हटलं, जमलं.

आणि मग त्या पोराने माणसं बसवायला घेतली. आमच्याबरोबर कुठल्याशा कंपनीतली चार पोरं होती. गाइडने वजनं बघून मला उजवीकडे अगदी मागे टाकलं. काकांना म्हणाला, अंकल, आप सबसे आगे, असली मजा वहीं है। काका डावीकडे सगळ्यात पुढे आणि त्यांच्या बरोबरीला उजवीकडे सई. ताई काकांच्या मागे. मी म्हणालो, मला पुढे बसू दे. तो म्हणाला, भैया, बोट पलटेगी। वर सांगितलं की पुढचे दोघं जसं वल्हवतील तसंच मागच्यांनी वल्हवायचं. काकांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी नुसतं सईकडे बोट दाखवलं.

पहिले काही टप्पे सोपे होते. मागून फॉरवर्ड आलं की सई वल्हं टाकायची आणि काका तिच्याकडे बघून टाकायचे. सई थांबली की थांबायचे. नदीकडे त्यांचं लक्षच नव्हतं, दोन्ही काठांना काय झाडी होती, काय पाणी होतं, त्यांनी काहीच पाहिलं नाही. मान सतत उजवीकडे. सईला वाटलं आजोबा कौतुकाने आपल्याकडेच बघताहेत. ती सारखी हसायची आणि अजून जोरात वल्हं मारायची. ताई मागून म्हणाली, बाबा अगदी तरुण झालेत. ते ऐकून मला खरंच वाटलं की आता हा माणूस कोथरूड सोडत नाही.

मधल्या एका रॅपिडला, म्हणजे खडकाळ उताराला, पाणी जरा उसळत होतं. राफ्ट वर चढली, आपटली, अंगावर थंडगार पाणी आलं आणि सगळे किंचाळले. तेव्हा पहिल्यांदाच काकांनी मान समोर केली. त्यांना मजा आली. मला त्यांचं तोंड एका बाजूने दिसत होतं. इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी वल्हं पाण्यात रोवलं आणि आपल्याच नादात ओढायला लागले. राफ्ट दुसऱ्यांदा उसळली आणि सई उजवीकडून पाण्यात गेली.

गाइड ओरडला, स्टॉप. आम्ही सगळे थांबलो. काका थांबले नाहीत. सई पाण्यातून आजोबा, आजोबा ओरडत होती, राफ्टपासून दोन हातांवर, आणि काका पुढे बघत, हसत, जोर लावून वल्हं मारत होते. त्या ओढीने राफ्ट पुढे सरकून तिच्यापासून लांब जायला लागली. अंकल रुको, अंकल, असं गाइड घसा फोडून ओरडला. मीही ओरडलो, काय उपयोग होता? ताईने मागून त्यांचं जॅकेट धरून हिसडा दिला तेव्हा ते वळले. हसू तोंडावर तसंच होतं. ताईचे ओठ पाहिले, मग शेजारची रिकामी जागा पाहिली, आणि वल्हं त्यांच्या हातातून सुटलं.

सईला काही झालं नाही. गाइडने दोरी फेकली, तिला ओढून आत घेतलं, गुडघा थोडा खरचटला होता. पण तिने आईकडे तोंड केलं ते काठाला लागेपर्यंत वळवलं नाही.

काठावर चहा होता. ताईने कपाला हात लावला नाही. ती काकांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

हा प्रश्न चुकवण्यासाठी तो माणूस किती वर्षं जगत होता. टॉवेल गुंडाळून सई तिथेच उभी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताईला म्हणाले, "आलं की. न यायला काय झालं? जॅकेट होतं अंगात. चार थेंब पाणी उडालं म्हणून नदी डोक्यावर घ्यायची?"

"आणि तुम्ही हसत होतात?"

"मजा वाटली म्हणून हसलो."

ताईने ते खरं मानलं. का मानणार नाही? इतकी वर्षं तो खवचटपणा त्यांनी इतका चोख केला होता की सख्ख्या मुलीला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती एवढंच म्हणाली, चला निघू. त्या क्षणी काका जिंकले होते. अशा बापाला घरी घेऊन जायचं तिच्या मनातून पार गेलं होतं, ते दिसतच होतं. मी मात्र कुणाकडे न बघता गाडी काढायला गेलो.

आम्ही घाट चढलो. मुळशी धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा मागे सई आईला काहीतरी सांगू लागली, रडत रडत, अगदी हळू. मम्मा, मी इतकी ओरडले ना, ते हसत होते. त्यांना मी आवडत नाही का? मला ते ऐकू आलं. काकांना कुठून येणार, असं मनात आलं आणि शेजारी बघितलं तर झापड खाली होतं आणि काका त्या आरशात बघत होते.

"गाडी बाजूला घ्या," ते म्हणाले.

उतरून त्यांनी मागचं दार उघडलं, सईला बाहेर बोलावलं आणि रस्त्याच्या कठड्यावर बसवलं. स्वतः तिच्यासमोर एका दगडावर टेकले. ताई आणि मी तिथेच उभे होतो.

"सई, मी मघाशी खोटं बोललो. मी तुझी हाक ऐकली नाही. मला ऐकू येत नाही. काहीच नाही."

सईने आईकडे पाहिलं. मग विचारलं, "मग तुम्ही माझ्याशी रोज बोलता कसे?"

"तुझं तोंड बघतो." काका थांबले. "आणि आवाज माझ्याकडचा घालतो. तू पहिलीत होतीस तेव्हाचा. त्याच्या नंतरचा मला मिळालाच नाही."

मला तिथे उभं राहवेना. मी गाडीच्या पलीकडे गेलो आणि उगाच टायर बघत बसलो. मुलीपासून, सोसायटीपासून, अख्ख्या पुण्यापासून जे राखून ठेवलं ते त्यांनी एका पोरीच्या रडण्यापायी रस्त्यावर काढून ठेवलं. मी परत आलो तेव्हा सई त्यांना काहीतरी सांगत होती. वारा असा होता की मला एक शब्द कळला नाही, पण काकांना कळत होता. त्यांनी तिच्या ओल्या केसांवर हात ठेवला होता.

ताई तोंडावर हात धरून उभी होती आणि हाताआडूनच काही बोलत होती. काका तिला म्हणाले, "हात काढ. काय म्हणतेस ते दिसत नाही मला."

तिने हात काढला. "बाबा, आता एकटं राहायचं नाही. माझ्याकडे चला."

"वाचलं," काका म्हणाले, आणि उठून गाडीत जाऊन बसले.

पाऊस सुरू व्हायच्या आत ते बंगळूरला राहायला गेले. मी ताईला म्हणालो होतो की मी आहे ना इथे, मी बघतो. ती माझ्यावर रागावली नाही, उलट माझे हात धरले. पण तू कायमचा थोडाच आहेस, म्हणाली. सोसायटीने निरोपाला चहा-बिस्किटं केली. अध्यक्ष भाषणात म्हणाले की आता ढोलताशावाल्यांना मोकळं रान. सगळे हसले. काका पहिल्या रांगेत बसून अध्यक्षांचे ओठ वाचत होते, आणि पहिल्यांदाच त्यांनी परत काही ऐकवलं नाही. मी खराडीला एका मित्राच्या फ्लॅटवर राहायला गेलो. त्यांचा फ्लॅट भाड्याने गेला.

बंगळूरला मी एकदाच गेलो, कंपनीच्या कामासाठी. ताईने त्यांचं सगळं मनापासून केलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. वेगळी खोली, वेळेवर औषधं. सईने मोबाइलवर बोललेलं लिहून दाखवणारं काहीतरी बसवून दिलं होतं. पण घरात दिवसभर माणूस कोण? ताई नोकरीला, सई क्लासला. बाई कानडी बोलणार, वॉचमन तेलुगू, शेजारी इंग्रजी. त्या ओठांवरचं काकांना काही उमटायचं नाही. आणि जे कळलंच नाही त्याला मराठीतलं तिरकं उत्तर द्यायचं तरी कुणाला? म्हणून ते हसायचे. कुणी काही बोललं की मान हलवून हसायचे.

संध्याकाळी आम्ही खालच्या बागेत बाकावर बसलो होतो. एक निवृत्त गृहस्थ फिरता फिरता थांबले, काकांच्या खांद्यावर थोपटलं, मला इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि थोडं पुढे जाऊन बाकीच्या मंडळींत उभे राहिले. काका हसून त्यांच्याकडे बघत होते.

"काय म्हणाले ते?"

मी वळून त्यांच्यासमोर बसलो. "म्हणाले, तुमचे काका फार गोड आहेत."

ओठ वाचण्यात आपली काही चूक झाली असं त्यांना वाटलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सावकाश सांगितलं. गोड.

काकांचं हसू गेलं.

"पुण्यात कुणी म्हणालं असतं का हो असं मला?"

"नाही," मी म्हणालो.

"मोठ्याने म्हणा," काका म्हणाले. "माझं राहू दे. त्यांना ऐकू जाऊ दे."

मी उठलो आणि त्या बागेत उभा राहून जीव खाऊन ओरडलो, नाही, पुण्यात तुम्हाला गोड म्हणायची कुणाची छाती झाली नसती. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांच्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं. काका माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.